खोटं गरम

आठ तास बॉयलरपुढे उभा राहून अख्ख्या कारखान्याला वाफ पुरवणारा माणूस ऐन पौषात गार पाण्याने आंघोळ करायचा, आणि ती करताना सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा कण्हायचा. पिंपरीच्या आमच्या चाळीतले हे रेवाळे मिस्त्री. चुलीवर दोन तांबे पाणी तापवून घ्या, असं कुणी सुचवलं की उत्तर ठरलेलं. "वरचं गरम म्हणजे खोटं गरम! खरं गरम खालून येतं."

खालून म्हणजे पृथ्वीच्या पोटातून. मिस्त्री मूळचे कोकणातले. त्यांच्या गावी गरम पाण्याचं कुंड, बारा महिने कढत. त्याचा त्यांना इतका अभिमान, की पाणी जणू त्यांनीच तापवून ठेवलंय. चाळीत नवं बिऱ्हाड आलं की दोन मिनिटांत हे विचारत, "तुमच्या पायाखाली काय हाय, ठावं हाय काय?" नवा भाडेकरू बिचारा साप समजून पाय उचलायचा.

त्यात कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या एका साहेबांनी त्यांना सांगितलं, की पृथ्वीची काही उष्णता तिच्या जन्मापासूनची आहे, अजून निवलेली नाही. आणि काही तिच्या पोटातल्या किरणं सोडणाऱ्या खनिजांमुळे अजूनही तयार होतेय. झालं! आठवडाभर मिस्त्री जेवणाच्या सुट्टीत भाकरी मोडून दाखवत होते. "वरनं निवली, आत बघा! आणि हिच्या पोटात बारके बारके निखारे पेरलेत समजा." भाकरी बहुधा माझी असायची. मी स्टोअरमधला कारकून, पृथ्वी निवली काय आणि न निवली काय, मला काळजी भाकरीची.

मग एका रविवारी त्यांनी पहार घेतली आणि चाळीमागे खड्डा खणायला लागले. चाळीचे मालक आबा इथलेच जुने शेतकरी. ते शेजारी बसून तंबाखू मळत म्हणाले, "मिस्त्री, आमी आज्यापास्नं हिरी खणतोय. गारच पाणी लागतंय. ऊन न्हाई लागायचं." पण फुकटात विहीर होत असताना अडवण्याइतके आबा भोळे नव्हते. मी शहाणपणा करून हिशेब सांगितला, की शंभर फूट खाली गेलं तर उष्णता जेमतेम अंश-दोन अंश वाढते. आंघोळीजोगं पाणी हवं तर अर्धा मैल तरी खणावं लागेल.

मिस्त्रींनी घाम पुसला. "अकरा हात झालंय," ते म्हणाले. "तेवढं वजा करा."

चौदाव्या हाताला काळ्या कातळाच्या फटीतून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी मरणाची, खड्ड्यातून चक्क वाफा निघतायत आणि काठावर मिस्त्री पंचा नेसून नाचतायत! मीही बादलीत हात घालून पाहिला. पाणी खरंच कोमट लागलं. मला काही ते सहन होईना. दुपारी मी प्रयोगशाळेतला थर्मामीटर मागून आणला आणि आधी आबांच्या जुन्या विहिरीत, मग ह्यांच्या खड्ड्यात सोडला. अंशाचाही फरक नाही. कडाक्याच्या थंडीत कुठल्याही विहिरीचं पाणी सकाळी उबदारच लागतं, हे मी हसत हसत चारचौघांत जाहीर केलं.

मिस्त्री हसले नाहीत. "सकाळीच कार्ड टाकलं," ते म्हणाले. "ती येईल आता."

ती कोण? मिस्त्रींच्या घरी कोण असतं, हे विचारायचं मला चार वर्षांत सुचलं नव्हतं. मिस्त्रींच्या बायकोचे सांधे धरलेले. चुलीवरच्या पाण्याने गुण येत नाही, कुंडाच्याच पाण्याने येतो, अशी नवराबायको दोघांची ठाम समजूत. म्हणून ती गावी कुंडापाशी आणि हे इथे बॉयलरपाशी. इथे तसं पाणी लागलं, तरच ती येऊन राहणार होती. थर्मामीटर परत करायला जाताना मला माझीच लाज वाटली.

आठवड्याने ती आली. हडकुळी, हसरी, दाराची चौकट धरून हळूहळू चालणारी. तेवढ्यात चाळीला लागूनच असलेल्या कारखान्याच्या मागच्या फाटकातून मिस्त्री आले. हातात घोंगडीत गुंडाळलेली बादली. वाफ निवून नळीतून ठिबकणारं गरम पाणी कारखाना तसंही गटारात सोडायचा, तेच हे. बॉयलरचं, कोळशावरचं, खोट्याहून खोटं गरम! ते माझ्या कानाशी पुटपुटले, "हिरीचं म्हणून सांगितलंय तिला. तुमी गप ऱ्हावा."

तिने घंगाळात पाय सोडले. मिस्त्री दुसरी बादली आणायला धावले. तिने ओंजळभर पाणी नाकाशी नेलं.

"आमच्या कुंडाच्या पाण्याला गंधकाचा वास येतो, भावजी," ती हळूच म्हणाली. "ह्याला कसलाच नाय."

मी विचारलं, "मग परत जाणार?"

"तिथं गुडघं बरं असतात," ती म्हणाली. "पण सांजच्याला बोलायला माणूस नाय."

फाटकातून मिस्त्री येताना दिसले. पाणी निवू नये म्हणून बादली घोंगडीसकट छातीशी धरून अर्धवट पळत होते. तिने आवाज चढवला.

"अवो, सावकाश! पोळाल! जमिनीतलं पाणी हाय ते!"