बेवारस बुटांची रांग

"विमान बदलायचं म्हणजे काय, या खोलीतून उठायचं आणि त्या खोलीत जाऊन बसायचं!"

भाऊसाहेबांनी हे घरून निघण्याआधी बायकोला, म्हणजे माईंना, सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, आणि पहिल्या विमानात डोळ्यांवर पट्टी ओढून झोपू पाहणाऱ्या एका परक्या माणसालाही हलवून सांगितलं. गोंधळतो तो चुकतो, आपण गोंधळतच नाही, हे त्यावरचं भाष्य. हे वाक्य कानावर पडलं की पर्समधली डोकेदुखीची गोळी जागेवर आहे ना एवढं माई चाचपून बघत.

प्रवास मात्र साधासुधा नव्हता. भाऊसाहेबांच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. धाकटा म्हणजे बावन्न वर्षांचा. माणूस सोन्यासारखा, पण लग्न म्हटलं की त्याच्या पायांना चाकं फुटत. पहिल्या खेपेला केस कापून येतो म्हणून गेला तो लग्नाची तारीख उलटल्यावरच उगवला, तेही केस न कापता. दुसऱ्या खेपेला भाऊसाहेबांनी त्याला बस स्थानकावरून बकोटीला धरून आणला, पण तोवर मुलीच्या वडिलांनी हात जोडले होते. आता तिसरी खेप होती. मुलगी दातांची डॉक्टर, धीराची बाई, हलत्या दाढेलाही न घाबरणारी. लग्न नोंदणी कचेरीत, उद्या सकाळी. धाकट्याने स्वतःच फोन केला होता, "दादा, सही होईपर्यंत माझा दंड धरून उभा राहा. तू नसलास तर माझा भरवसा नाही." मग भाऊसाहेब दोन विमानं काय, दोन समुद्र पोहून गेले असते!

आता भाऊसाहेबांची आणखी एक बाजू सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. नोकरी त्यांनी वीज कचेरीत केली, पण जीव होता कीर्तनात. गळा नाही, तालाचं ज्ञान बेताचं. म्हणून त्यांनी वेगळीच सेवा पत्करली होती. सभागृहाच्या दाराशी उभं राहून श्रोत्यांची पादत्राणं सांभाळायची. ओढूनताणून काढलेले, एकमेकांवर चढलेले बूट-चपला ते जोडी-जोडीने भिंतीशी लावत, टाचा भिंतीकडे, चवडे वाटेकडे, म्हणजे कीर्तन संपलं की माणसाने नुसता पाय सरकवावा. बिल्ला नाही, खूण नाही. चेहरा पाहिला की जोड आठवे, जोड पाहिला की चेहरा. "बुवा लोकांचं मन धरतात, मी पाय धरतो," असं ते म्हणत. इतक्या वर्षांत एकही श्रोता दुसऱ्याच्या चपला घालून घरी गेला नव्हता, आणि याचा त्यांना थोडासा, म्हणजे बराच, अभिमान होता.

हा झाला पूर्वरंग. आता विमान उतरलं.

उतरल्यावर बाण होते. बाणांमागून दोघं चालत गेली, ती एका लांबलचक रांगेत जाऊन थांबली. पुन्हा तपासणी. घरून निघताना एकदा तपासलंय, मधे आकाशात आम्हाला कोण काय देऊन जाणार होतं, असं भाऊसाहेबांनी एका रखवालदाराला विचारून पाहिलं. त्याने ट्रेचा ढीग दाखवला. कोट काढा, पट्टा काढा, बूट काढा, सगळं ट्रेमध्ये. भाऊसाहेब मोज्यांवर यंत्राच्या चौकटीतून गेले आणि कुठे टूं देखील न वाजता पलीकडे पोचले. मागे वळून विजयी मुद्रेने बघतात तो माईंना बाजूला घेतलेलं. नवऱ्यानवरीला द्यायला त्यांनी भिंतीवरचं घड्याळ आणलं होतं. शालीत गुंडाळलेलं ते पिशवीत टिकटिक करत होतं, आणि विमानतळावर सगळ्यात नावडता आवाज कुठला असेल तर तोच.

माईंची शाल उलगडेपर्यंत भाऊसाहेबांना नुसतं उभं राहणं आलं. आणि रिकाम्या भाऊसाहेबांसारखी धोक्याची वस्तू त्या अख्ख्या इमारतीत दुसरी नव्हती.

समोर पट्ट्यावरून ट्रे येत होते. मंडळी आपापले कमरपट्टे शोधण्यात गुंग, त्यामुळे मागचे ट्रे पुढच्यांवर चढत होते. एक ट्रे कलंडला. त्यातले बूट खाली. दुसरा कलंडला. एक तपकिरी बूट एका पांढऱ्या बुटावर पालथा पडला, आणि भाऊसाहेबांच्या काळजात कळ आली. हात शिवशिवले. त्यांनी ती एक जोडी उचलून भिंतीशी लावली. मग तिच्या शेजारी दुसरी. मग, आता पडणारच आहेत तर पडायची वाट कशाला बघा, म्हणून ट्रेमधले बूट ते थेट उचलू लागले. येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्यावर एक नजर, जोडीवर एक नजर, की गेली जोडी भिंतीशी. पट्ट्याजवळच्या टेबलाखालीही एक जोडी तिरकी पडली होती. तीही त्यांनी सरळ केली आणि रांगेत नेऊन ठेवली.

त्यांना कुणी अडवलं कसं नाही, म्हणाल. अंगात निळसर सफारी. रखवालदारांना वाटलं, साफसफाईवाल्यांचा माणूस. साफसफाईवाल्यांना वाटलं, सुरक्षेचा. आणि प्रवाशांना वाटलं, ही इथली पद्धतच असेल. माणूस कामात इतका मग्न असला की त्याला कोण विचारणार, बाबा तू कोण?

इकडे ट्रे मात्र बुटांवाचून येऊ लागले. एक उंचेपुरे गृहस्थ आपला ट्रे उलटापालटा करून बघत म्हणाले, माझे बूट गेले. एक आजी म्हणाल्या, माझेही. मग चहूकडून तेच. पट्टा थांबला. अख्खं दालन मोज्यांवर उभं, त्यातले निम्मे मोजे अंगठ्याला फाटके! आणि तेवढ्यात तिथल्या मुख्य अधिकारीबाईंची नजर भिंतीकडे गेली. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सैन्याच्या कवायतीसारखी, बुटांची रांग. चवडे वाटेकडे.

"हे कुणी ठेवलं?"

"मी," भाऊसाहेब म्हणाले, आणि आभाराच्या अपेक्षेने किंचित वाकले.

आभार राहिले बाजूला. बाईंनी शांतपणे समजावलं की मालकापासून दूर, भिंतीशी ठेवलेली कुठलीही वस्तू नियमाप्रमाणे बेवारस. बेवारस वस्तूला कुणी हात लावायचा नाही. मालकाची ओळख पटली तर वस्तू सुटेल. एका जरी वस्तूचा मालक मिळाला नाही, तर सगळं दालन रिकामं करून सगळ्यांची तपासणी पहिल्यापासून. त्यांनी खूण केली, आणि दोन रखवालदारांनी रांगेपुढे पिवळी फीत ताणली. बूट तिकडे, माणसं इकडे.

भाऊसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. भिंतीवरच्या पाटीवर त्यांचं विमान सुटायच्या बेतात असल्याचं दिसत होतं. डोळ्यांपुढे धाकटा आला, सकाळच्या कोवळ्या उन्हात, मोकळ्या दंडाने, बस स्थानकाकडे चाललेला. माई एव्हाना घड्याळासकट सुटून आल्या होत्या. काय झालं ते त्यांना सांगावं लागलं नाही. मोज्यांतली माणसं पाहिली, भिंत पाहिली, नवऱ्याचा चेहरा पाहिला, आणि त्यांनी फोन काढून दिराला निरोप धाडला की आम्ही अडकलोय, विमान चुकणार असं दिसतंय.

फितीपाशी वेगळंच जुंपलं होतं. मालकाची ओळख पटवायची कशी? काळे बूट सगळे एकसारखे. एका जोडीवर तिघांनी हक्क सांगितला, त्यातले दोघे हमरीतुमरीवर आले. उंच गृहस्थ म्हणत होते की असल्या माणसाला आत टाका. आजी खुर्चीवर बसून पाय चोळत होत्या.

"बाई," भाऊसाहेब पुढे झाले, "मी लावलेत, मीच सांगतो. चुकलो तर खुशाल आत टाका."

बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. दुसरा इलाज नव्हता. त्यांनी मान हलवली.

आणि मग जे झालं ते बघायला त्यांच्या सभागृहातली मंडळी तिथे हवी होती! भाऊसाहेबांनी डोळे मिटून क्षणभर नामस्मरण केलं, डोळे उघडले, आणि सुरू झाले. "आजी, तुमचे ते करडे, आत लोकरीचा तुकडा आहे तो. तुम्ही, चष्मेवाले, खिडकीकडून तिसरा. ताई, तुमचे निळे, डाव्या बुटाची नाडी तुटलीय, जपून." रखवालदार जोडी उचले, मालक पाय घाले, बूट बसे. काळ्या जोडीवर भांडणाऱ्या तिघांपैकी दोघांना त्यांनी दुसऱ्या जोड्या दाखवल्या. घातल्या, तर बरोबर! भांडणारे वरमले. लोक आता हसू लागले. पुढे पुढे तर प्रत्येक जोडीला टाळी पडू लागली, आणि भाऊसाहेबांच्या आवाजात चढत्या लयीचा रंग भरला. उंच गृहस्थांची पाळी आली तेव्हा त्यांनी नुसतं बोट दाखवलं. गृहस्थांनी बूट घातले, दोन पावलं चालून पाहिलं आणि भाऊसाहेबांचा हात हातात घेऊन दाबला.

सगळे सुटले. उरली एक जोडी. काळी, टाचांची, पुढून निमुळती. आणि समोर अनवाणी माणूस एकही नाही.

बाई म्हणाल्या की खेद वाटतो, पण मालक नसलेली वस्तू ती हीच. नियम तो नियम. त्यांचा हात दालन रिकामं करायच्या बटणाकडे गेला.

भाऊसाहेबांनी जोडीकडे पाहिलं. मग बाईंच्या चेहऱ्याकडे. पुन्हा जोडीकडे. घसा खाकरला. आयुष्यात त्यांनी पुष्कळांना जोडे दाखवले होते, पण असे कधी नाही.

"बाई, रागावू नका," ते अगदी हळू, आपल्या लेकीशी बोलावं तसं म्हणाले, "हे तुमचे. टेबलाखाली काढून ठेवले होते. चावतात ना?"

बाईंनी खाली पाहिलं. सगळ्या दालनाने खाली पाहिलं. करकरीत इस्त्रीच्या गणवेशाखाली, बाईंच्या पायांत फुलाफुलांचे मोजे होते.

पहिल्या हसल्या त्या बाईच. मग जो हशा उसळला त्याने यंत्राचे दिवेसुद्धा लुकलुकले असतील! बाईंनी फीत स्वतःच्या हाताने ओढून काढली, जोड्यांत पाय सरकवले आणि भाऊसाहेबांना म्हणाल्या, "पहाटेपासून उभी आहे हो. कुणी विचारलं नव्हतं."

तिथून दोघं पळत सुटली. माई घड्याळासह पुढे, भाऊसाहेब मागे. विमान उभंच होतं, कारण त्यातले निम्मे प्रवासी आत्तापर्यंत मोज्यांवर टाळ्या वाजवत होते. दारातून आत शिरताच त्या निम्म्यांनी भाऊसाहेबांचं उभं राहून स्वागत केलं. भाऊसाहेबांनी दोन्ही हात जोडून, मान लववून, बुवांच्या थाटात ते स्वीकारलं. मग घोषणा झाली की सुरक्षा तपासणीत एका प्रवाशाने केलेल्या घोटाळ्यामुळे उड्डाणाला बराच उशीर झाला आहे, क्षमस्व. "कसली कसली माणसं असतात," भाऊसाहेब शेजारच्याला म्हणाले. माई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

पण उशीर तो उशीरच. सकाळी विमान उतरलं तेव्हा नोंदणीची वेळ डोक्यावर आलेली. धाकटा फोन उचलेना. भाऊसाहेब टॅक्सीत सीटच्या टोकावर बसून, धाकटा कुठल्या बसमध्ये असेल याचाच विचार करत होते. कचेरीचा जिना त्यांनी दोन-दोन पायऱ्यांनी गाठला. आणि वरच्या पायरीवर, गळ्यात हार घातलेला, घामाघूम, धाकटा! शेजारी दातांची डॉक्टर, हातात नोंदणीचा दाखला. सही होऊन गेली होती.

भाऊसाहेबांनी जाऊन सवयीने धाकट्याचा दंड पकडला.

"आता सोड दादा," धाकटा म्हणाला. "दोन्ही वेळा पळालो ते तू शोधून आणशील या भरवशावर. काल वहिनीचा निरोप आला, तुम्ही अडकलात. रात्रभर विचार केला. म्हटलं, आता पळालो तर मला परत आणणार कोण? मग भीतीने जागचा हललोच नाही."

नवरीने मान डोलावली. म्हणाली की माणूस घाबरून गप्प बसला की कामं भराभर होतात, हे तिला खुर्चीवरच्या अनुभवाने माहीत होतं, म्हणून वेळ न घालवता तिने आधी सही करून घेतली.

त्या दिवसापासून भाऊसाहेब ही गोष्ट छाती फुगवून सांगतात आणि शेवट ठरलेला असतो: मी वेळेवर पोचलो नाही, म्हणूनच आमच्या धाकट्याचं लग्न झालं. त्यांच्या पुष्कळ बोलण्यावर घरात वाद होतात. यावर मात्र आजवर एकदाही झालेला नाही.