वाटयंत्र पुढल्या साली घेण्याच्या मसलतीची हकीकत

॥ श्री ॥ जी देवता पांथस्थास मुक्कामी पोहोचविते तीस आधी वंदन, आणि जी वाट चुकविते तीसही वंदन, की तिचा विसर पडल्यानेच पुढील प्रसंग गुदरला. शके एकोणीसशे तीस, सर्वधारी नाम संवत्सर, कार्तिक मास, ते समयीचे वर्तमान ऐसे जे, कृष्णाकाठी एक राज्य होते. राज्य म्हणजे तीन खोल्या, पुढे अंगण आणि अंगणात एक पांढरी चारचाकी. त्या राज्याचे धनी श्रीमंत भास्करराव, आणि राणी कुमुदिनीबाईसाहेब. राजे पूर्वाश्रमी सरकारच्या बांधकाम खात्यात रस्त्यांचे काम पाहत होते आणि चार जिल्ह्यांतील रस्ते त्यांणी आपल्या पायांनी मोजिले होते, सबब कोणता घाट कोठे वळतो आणि कोणत्या पुलावर आषाढात पाणी चढते, हे त्यांस मुखोद्गत होते. मग दैवगती ऐसी जाहली की डोळ्यांत काचबिंदू शिरला, आणि वैद्यांनी आज्ञा केली जे, आजपासून गाडी चालवू नये. राजांनी किल्ली बाईसाहेबांच्या हाती दिली. बाईसाहेब तेव्हा चौपन्न वर्षांच्या. त्या धीर धरून गाडी शिकल्या, आणि तेव्हापासून बाईसाहेबांनी चाक धरावे आणि राजांनी शेजारी बसून वाट सांगावी, ऐसा राज्याचा शिरस्ता पडला.

तो दिवाळीस कन्या अश्लेषा पुण्याहून आली, आणि तिच्या गाडीत काचेस चिकटविलेले तळहाताएवढे यंत्र होते. आकाशातील उपग्रहांस विचारून ते वाट सांगे, आणि वळण आले म्हणजे बाईच्या आवाजात बोले. बाईसाहेबांनी ते निरखून पाहिले आणि बहुत संतोष पावल्या. कन्या म्हणाली, "बाबा, आईसाठी असं एक घेऊन टाका. तुम्हाला पाट्या दिसत नाहीत, आणि तिला चालवता चालवता वाचता येत नाहीत." राजे म्हणाले, "घेऊ. पण घाई नको. नवी वस्तू आहे, वर्षभरात स्वस्त होईल." मग बाईसाहेबांनी आग्रह केला, म्हणून स्वारी शहरात दुकानी गेली. दुकानदाराने यंत्र मांडून दाखविले, आणि राजांनी परीक्षा घ्यावी म्हणून एका आडगावाचे नाव सांगितले, जेथला रस्ता त्यांच्याच देखरेखीखाली जाहला होता. यंत्रास ते गाव ठाऊक नव्हते. दुकानदार म्हणाला, "साहेब, नवे नकाशे येतील की सहा महिन्यांत." राजे म्हणाले, "मग सहा महिन्यांनी येतो." येताना ते गाडीत फार प्रसन्न होते आणि त्या गावाच्या रस्त्याची हकीकत त्यांणी बाईसाहेबांस दोनदा सांगितली. त्यानंतर कन्येचा फोन आला की राजे म्हणत, दर उतरू दे, आणि मग म्हणत, नकाशे सुधारू दे, आणि शेवटी म्हणत, आता मोबाइलातच सगळे येणार म्हणतात, मग वेगळे यंत्र कशास? सारी कारणे वाजवी होती आणि त्यांतील एकही खरे नव्हते. खरे कारण राजांस ठाऊक होते, ते त्यांणी कोणास सांगितले नाही.

ऐसा हिवाळा गेला, पाडवा जाहला आणि विरोधी नाम संवत्सर लागले. तो बाईसाहेबांस त्यांची मैत्रीण हेमलता हिचे पत्र आले. ही हेमलता घाटापलीकडे आंबेखोल गावी राहात होती. दोघी ऐन तारुण्यात एका कन्याशाळेत शिक्षिका होत्या आणि तीन वर्षे एका खोलीत एका स्टोव्हवर राहिल्या होत्या, परंतु अकरा वर्षांत भेट नव्हती. पत्रातील मजकूर ऐसा जे, "मुलगा कायमचं तिकडे परदेशी बोलावतोय. घर विकलं. वैशाख शुद्ध नवमीला, रविवारी दुपारी दोनला विमानतळाची गाडी येणार. फोन कापलाय. तू बारापर्यंत ये, एकत्र जेवू. पुन्हा कधी भेट होईल सांगता येत नाही." बाईसाहेबांनी पत्र राजांस वाचून दाखविले आणि म्हणाल्या, "अहो, आता तरी ते यंत्र घेऊ या का? तिकडचा रस्ता मला माहीत नाही." राजे म्हणाले, "मला माहीत आहे ना. आंबेखोलला मी शंभर वेळा गेलोय." बाईसाहेब थोडा वेळ पत्राची घडी करीत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "बरं."

नवमीस सकाळी सात वाजता स्वारी निघाली. बाईसाहेबांनी ठेवणीतील साडी नेसली होती आणि हेमलतेसाठी मेतकूट आणि सांडगे घेतले होते. राजांनी वाट सांगावी ऐसे पहिले दोन तास बरवे गेले. मग राजे म्हणाले, "आता जकात नाका येईल, तिथून डावीकडे." परंतु जकात नाका आला नाही. तेथे नवा बायपास जाहला होता आणि त्यावर उंच पूल, आणि गाड्या ऐशा वेगाने धावत की बाईसाहेबांस मान वळवून पाटी वाचण्यास उसंत नव्हती. राजांस पाटी निळी आहे एवढेच दिसले. ते म्हणाले, "चल पुढे, नाका पुढेच असेल." ऐसे म्हणता म्हणता दहा कोस चुकले. बाईसाहेब म्हणाल्या, "थांबून कुणाला विचारू का?" राजे म्हणाले, "विचारायचं काय त्यात? मागे वळ, जुन्या पुलावरून रस्ता आहे." मग मागे वळले, आणि जुना पूल सापडला, आणि त्यावरून रस्ता घाटात शिरला, तो राजांचे मुख उजळले आणि ते एकेक वळण येण्याआधी सांगू लागले. वळणे सारी बरोबर होती. साडेबारा वाजले. एका वळणावर एक बाई पानांच्या द्रोणांत करवंदे मांडून बसली होती, तेथे बाईसाहेबांनी राजांस न पुसता गाडी उभी केली आणि काच खाली केली. "मावशी, आंबेखोलला हाच रस्ता ना?" ती म्हणाली, "आंबेखोल? ह्यो रस्ता धरणात गेला की बाई. फुडं पाणीच हाय. आठ वर्सं झाली. तुमाला खाली उतरून बायपासनंच जायला पायजे." बाईसाहेबांनी राजांकडे पाहिले नाही. राजे म्हणाले, "धरण होणार होतं खरं. मी असताना नुसती आखणी झाली होती."

स्वारी आंबेखोलास पोहोचली तेव्हा साडेतीन वाजले होते. घरास कुलूप होते. शेजारच्या गृहस्थांनी बाहेर येऊन सांगितले, "कुमुदिनीबाई का तुम्ही? बाईंनी फार वाट बघितली हो. दोनची गाडी त्यांनी पावणेतीनपर्यंत थांबवून धरली. शेवटी ड्रायव्हर ऐकेना." आणि त्यांणी एक डबा आणून दिला. डब्यात आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ होती, आणि चिठी वगैरे काही नव्हती. बाईसाहेब त्या बंद घराच्या पायरीवर बसल्या आणि डबा उघडून जेवू लागल्या. राजांस म्हणाल्या, "तुम्हीही खा. सकाळपासून पोटात काही नाही." राजे उभेच राहिले. मग फार वेळाने ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "दर उतरायची वाट बघत नव्हतो मी. मला ते घ्यायचंच नव्हतं."

बाईसाहेब म्हणाल्या, "माहीत होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? नोकरी संपली, गाडी सुटली. वाट सांगायची एवढं एकच राहिलं होतं तुमच्याकडे. ते कसं काढून घेऊ?" ऐसे बोलून त्यांणी उरलेली आंबोळी राजांच्या हाती दिली, आणि म्हणाल्या, "पण आज ते काढून घ्यायला हवं होतं मी. चूक माझीही झाली." राजांनी ती आंबोळी खाल्ली. ते जेवण त्यांस कसे लागले, हे लिहिण्यास शब्द नाहीत. येताना बाईसाहेबांनी तीन ठिकाणी थांबून लोकांस वाट विचारली, आणि राजांनी हरकत घेतली नाही.

दुसरे दिवशी राजे एकटेच एसटीने शहरात गेले आणि दर न विचारता यंत्र घेऊन आले. आठा दिवसांनी हेमलतेचा परदेशातून फोन आला. दोघी बराच वेळ बोलल्या, आणि बाईसाहेब हसल्याही, आणि फोन ठेविल्यावर न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आल्या. मग ज्येष्ठात कन्येकडे जाणे जाहले, तेव्हा यंत्र प्रथम काचेस लाविले. राजे नेहमीच्या जागी शेजारी बसले. वाटेत एक जोडरस्ता आला, तेथून उजवीकडे गेल्यास पाऊण तास वाचतो हे राजांस पक्के ठाऊक होते, आणि तो रस्ता आजही शाबूत होता. यंत्र बोलले जे, डावीकडे वळा. बाईसाहेबांनी चाक धरून गाडी हळू केली आणि सवयीने राजांस विचारले, "डावीकडेच ना?"

राजे म्हणाले, "ते सांगतंय तसं घे."

येणेप्रमाणे वाटयंत्राची मसलत सात मास चालली आणि एका दिवसात निकालात निघाली. यंत्र चांगले निघाले, पुढे तीन वर्षे चालले, नकाशेही सुधारले आणि दरही राजे म्हणत होते तैसे उतरले. हेमलता पुनः या देशी आली नाही. राजांचा अंदाज दरांविषयी कधी चुकला नाही, ही गोष्ट त्यांस कोणी बोलून दाखविली तर ते विषय बदलीत. जैसे घडले तैसे लिहिले आहे.