दुपट्ट्याखालचा भाव

आमच्या बेला गावातले शंकरकाका तोंडानं कधीच आकडा सांगत नाहीत. किराणा दुकानात साखरेचा भाव विचारायचा असला तरी ते खांद्यावरचा दुपट्टा काढतात, दुकानदाराचा हात त्याखाली घेतात आणि बोटं दाबून विचारतात. दुकानदार मानेनंच भावाची पाटी दाखवतो. काका म्हणतात, "भाव काय चारचौघात बोलाची गोष्ट हाय?"

काका बैलबाजारातले दलाल, दात पाहून बैलाचं वय सांगणारे. तिथं घेणारा आणि विकणारा दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं धरून सौदा करतात. शेजारी उभ्या माणसाला काही कळत नाही. आता बैल कमी झाले, काकाही थकले, पण सवय काही गेली नाही.

बैलांशिवाय त्यांचा जीव फक्त त्यांच्या मोटरसायकलवर. जुनी, लांबच्या प्रवासाची, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या असलेली उंच गाडी. मुलींची लग्नं उरकल्यावर काका-काकू तिच्यावरून पार रामेश्वरापर्यंत जाऊन आले. पण गेल्या हिवाळ्यात सुमनकाकूंच्या गुडघ्यांनी दगा दिला. पाय टाकून त्या गाडीवर चढणं बंद झालं. आदिलाबादला काकांच्या ओळखीच्या एकाकडे बुटक्या सीटची स्कूटर विकायला होती. त्यानं ती संक्रांतीपर्यंत थांबवून ठेवायचं कबूल केलं. मोठी गाडी त्याआधी गेली तरच स्कूटर येणार होती.

किंमत काढायला काकूंनी मला बोलावलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यातून कॉमर्सला. त्यामुळे जगातल्या सगळ्या वस्तूंचे भाव मला माहीत असतात, असं आमच्या गल्लीचं मत आहे. मला ते खोडून काढायचा धीर होत नाही. मी फोनवर त्याच वयाच्या गाड्या पाहिल्या, किती पळाल्या, टायर कसे, सगळं ताडून एक आकडा काढला.

काकांनी दुपट्टा पुढे केला. मी आत हात घालून जमेल तशी त्यांची बोटं दाबली. ते माझ्याकडे बघतच राहिले. "पोरी, एवढ्यात तं मागचं चाक बी येत नाई."

मग मी फोनच दाखवला. त्यांनी आकडा वाचला आणि विचारलं, "यानं गाडीचे दात पाह्यले काय?"

त्यांची पद्धत वेगळी होती. गिऱ्हाईक आलं की ते आधी गाडीच्या खोडी सांगत. थंडीत पहिल्या किकला उठत नाही, डाव्या अंगाला जरा ओढते, उतारावर कुरकुरते. बैलाची खोड लपवून विकली तर पुढच्या बाजारात तोंड दाखवता येत नाही, म्हणे. एवढं सांगून झाल्यावर शेवटी विचारत, "मागं कोन बसते?"

पहिला आला आदिलाबादचा एक तरुण. फोनवरचा पूर्ण भाव द्यायला तयार होता. काकांनी त्याला हिंदीत तोच प्रश्न विचारला. तो हसून म्हणाला, "कोई नहीं अंकल, सोलो जाता हूँ. पीछे की सीट निकालके कॅरिअर लगाऊँगा."

दुपट्ट्याखाली काकांनी काय मागितलं कोण जाणे. पोरगा हात झटकत निघून गेला.

काकू दारातच उभ्या होत्या. "तुमाले गाडी विकाची हाय का पुजाची?"

मी हळूच म्हटलं, काका, भाव तर बरोबर होता. ते म्हणाले, "बैल देतानी आमी घर पाह्यतो, पोरी. गाडीचं बी तसंच."

त्यानंतरच्या दोघांचंही तसंच झालं. तिकडून स्कूटरवाल्याचा फोन आला, दुसरं गिऱ्हाईक विचारून राह्यलं म्हणून. काकूंनी काकांशी बोलणं कमी केलं.

संक्रांतीच्या तोंडावर पांढरकवड्याकडचा एक शिंपी आला, आपल्या जुन्या गाडीवर बायकोला मागे बसवून. ती कमरेला हात लावतच उतरली. काका आपला प्रश्न विचारायच्या आधीच तिनं विचारलं, "मागची सीट कशी आहे जी?"

काकांनी काकूंना हाक मारली. काकू भिंतीला धरत बाहेर आल्या आणि तिला सगळं समजावून सांगितलं. पाय कुठे ठेवायचा, घाटात कुठे धरायचं. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "याइच्या खांद्यावर हात ठेवत जाय. मंग गाडी हळू चालोतेत."

काका गोठ्याकडे बघत होते.

या वेळी दुपट्टा क्षणभरच हातांवर पडला. शिंप्याचा चेहरा असा खुलला की फोनवरच्या भावापेक्षा सौदा कमीत झाला हे मलाही कळलं. काकूंनी एवढंच विचारलं, "स्कूटरचं भागते ना?" काकांनी मान हलवली.

संध्याकाळी मी मुद्दाम गेले. योग्य भाव काढायची त्यांची रीत मला खरंच शिकायची होती. गाडीच्या जागी ऑइलचा काळा डाग तेवढा उरला होता. दोघं ओट्यावर बसली होती, आणि त्यांच्या मधोमध दुपट्टा पसरलेला. दोघांचे हात त्याच्या खाली.

"काका, आता कशाचा सौदा?"

"चालू हाय," काका म्हणाले.

काकू रस्त्याकडे बघत राहिल्या, पण हात काही बाहेर काढला नाही. आमच्या गल्लीत नवरा-बायकोनं हात धरलेला मी तोवर कधी पाहिला नव्हता. भाव न विचारताच मी घरी आले.