भिवाकाकांचे भाडेकरू

समोर भांडण सुरू झालं की आमचे शेजारी भिवाकाका तोंड घट्ट मिटतात आणि गालावर तळवा ठेवतात. झोपलेल्या बाळावर ठेवावा तसा. मग दातांआडून पुटपुटतात, "हळू बोला रे. भाडेकरू जागे जातले."

भाडेकरू म्हणजे त्यांच्या हिरड्यांतले जंतू.

ही माहिती माझीच. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. काकांची हिरडी सुजली तेव्हा मी म्हटलं होतं, "टेन्शनमध्ये अंगात जी हार्मोन्स सुटतात, त्यांनी हिरड्यांतले काही जंतू चेकाळतात, असं प्रयोगशाळेत दिसलंय. माणसाच्या तोंडात नेमकं काय होतं, ते अजून पक्कं नाही."

काकांनी पहिलं वाक्य तेवढं घरी नेलं.

तेव्हापासून त्यांच्याकडे टीव्हीवर बातम्या लागत नाहीत. दूध उतू गेलं तर म्हणतात, "जाऊं दे, समुद्र इलो घरात." सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या पंपावरून सेक्रेटरी ओरडत होते, तेव्हा काका डोळे मिटून होडीत बसल्यासारखे डुलत होते. मत विचारलं तर म्हणाले, "भाडेकरू निजलेत. उद्या विचार."

शेवटी मीच म्हटलं, "काका, जंतूंना अंगाई चालत नाही. ब्रश चालतो."

"दोनदा घासतंय गो चेडवा. डॉक्टराकडे पण जातंय. तरी वरचो पुढचो दात हलता."

"मग काढून टाका ना. नवीन बसवतात, एकदम झकास."

काकांचा हात गालावर गेला. 

त्यांच्या बायकोला, शालूकाकूंना, हल्ली काही आठवत नाही. काकांनाही त्या 'हे गृहस्थ' म्हणतात. पण लग्नाआधी गिरणीच्या चाळीखाली उभं राहून काका जी शीळ घालायचे, ती मात्र त्यांना अजून कळते. दातांच्या फटीतून निघणारी, जराशी वाऱ्याची शीळ. ती फट त्याच दाताशेजारची.

"नव्या दाताची शीळ तिका परकी वाटली तर?" काका म्हणाले.

जंतूंवर मी तासभर बोलू शकते. त्या दिवशी मी मजल्यावर दारोदार फक्त या शिळेबद्दल बोलले.

आता संध्याकाळी काका बाजारातून यायच्या वेळेला मजल्यावर कुणी मिक्सर लावत नाही. जिन्यातून शीळ येते. शालूकाकू दारात येतात, गाऊनवरची ओढणी सारखी करतात, कठड्यावरून वाकतात आणि कुजबुजतात, "खालीच थांब रे. बाबा घरात आसत."

काका भाजीची पिशवी घेऊन खालच्या पायरीवर थांबतात. तेव्हा त्यांचा हात गालावर नसतो.