मार्दवाचा अभाव

सीबीडी बेलापूरच्या एका खासगी विद्यापीठाने स्त्री-पुरुष समानता स्वीकारली, तीही एकमताने. मानांकनाची समिती येणार होती आणि वरच्या पदांवर एकही बाई नव्हती. म्हणून संस्थाध्यक्ष रावसाहेबांनी डॉ. रंजिता मढवी यांना कुलगुरू नेमलं. सत्काराला सगळे पुरुष मातृशक्तीवर बोलले. कुलगुरूंना बोलायला वेळ उरला नाही.

थोड्याच दिवसांत जागृती नावाच्या विद्यार्थिनीने विभागप्रमुखांविरुद्ध तक्रार केली. प्रकल्पाला गुण हवे असतील तर लोणावळ्याला ये, असे संदेश सरांनी तिला मोबाइलवर पाठवले होते. रंजिताबाईंनी ते वाचले आणि सरांना निलंबित केलं.

रावसाहेब अस्वस्थ झाले. आधीचे कुलगुरू ओरडून माणसं काढत, तेव्हा त्यांना खमके म्हणत. बाई हळू आवाजात बोलल्या होत्या, तरी हेकेखोर ठरल्या. एकट्याने निर्णय घेणं आता जगभर जुनं झालंय, आधुनिक व्यवस्थापन सहभागी असतं, असं रावसाहेबांनी त्यांना समजावलं. निलंबन स्थगित झालं, चौकशी समिती बसली. समितीत विभागप्रमुखही होते, कारण प्रकरणाची त्यांच्याइतकी माहिती कुणालाच नव्हती. महिला प्रतिनिधी म्हणून रावसाहेबांच्या सूनबाई शर्मिला होत्या. त्या सह्या करत.

सरांच्या समोर बसून जागृतीला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागली. मग तिने कॉलेजला येणंच सोडलं. तिचे वडील गोटीराम तिला घेऊन पावणे गावाहून कुलगुरूंच्या दालनात आले.

"खुर्चीवं तुमीच हाव ना, मॅडम?" त्यांनी विचारलं. "मंग इचारता कोनाला?"

रंजिताबाईंनी पर्स उचलली आणि बापलेकीला घेऊन थेट पोलीस ठाणं गाठलं. सरांना अटक झाली.

विद्यापीठ हादरलं. अटकेने नव्हे; बाई न विचारता गेल्या, याने. कुलगुरूंच्या नेतृत्वात मार्दवाचा अभाव असल्याचा ठराव व्यवस्थापन मंडळाने केला. बाईंनी राजीनामा दिला. मानांकन तोवर मिळालं होतं.

नवे कुलगुरू श्यामसुंदर यांनी आल्या आल्या, कुणालाही न विचारता, फर्मान काढलं: परवानगीशिवाय कुणीही पोलिसांत जायचं नाही. विद्यापीठाला अखेर खंबीर नेतृत्व लाभलं, असं रावसाहेब म्हणाले.

जागृती वर्गात परतली. तिच्या बाकावर कुणी बसेना. पालकांनी आपापल्या मुलींना तसं बजावलं होतं. पालकसभेत सगळ्यांचं मत पडलं, की बाई हुशार होत्या, पण जरा सबुरीने घ्यायला हवं होतं.

वाचकहो, तुमच्याही मनात तेच आलं असेल, तर जरूर कळवा. महिला तक्रार समितीवर अशा समजूतदार माणसांच्या जागा भरायच्या आहेत.