निरोपाची तालीम

प्रवासात माणसावर येणाऱ्या सर्व संकटांचं मूळ एकच असतं: तो घरातून निघालेला असतो. हे सत्य ज्यांना वेळीच उमगलं अशा मोजक्या थोरांमध्ये निवृत्त सराव अधिकारी साहेबांची गणना करावी लागेल.

कारखान्यात आगीचा सराव घेणं हे त्यांचं काम होतं. घंटा वाजली की सगळ्यांनी रांगेने जिना उतरायचा आणि साहेबांनी नाराज व्हायचं. त्यांच्या कारकिर्दीत एकदाही आग लागली नाही. (त्यांच्यानंतरही लागली नाही, पण तो आधीच्या सरावाचाच परिणाम.)

साहेबांची बायको भूगोलाच्या बाई. जन्मभर नकाशावर छडी टेकवून त्यांनी दुसऱ्यांच्या पोरांना जग दाखवलं. नोकरी संपल्यावर त्यांनी नवऱ्याकडे एकच मागणं मागितलं.

"छडी टेकवली तिथे एकदा पाय टेकवायचाय. गुडघे साथ देताहेत तोवर."

मागणी तत्त्वतः मंजूर झाली. तीन महिने परदेश, ऐसपैस, आरामात, पण शहाणपणाने. आणि शहाणपण म्हणजे सराव, हे साहेबांच्या घरात वेगळं सांगावं लागत नसे.

पहिला सराव विमानाचा. जेवणाच्या खुर्च्या एकामागे एक मांडून दोघं दिवसभर बसून राहिले. खिडकीची जागा अर्थातच साहेबांना. शेजाऱ्यांची वाळत घातलेली चादर दिसली, तिला त्यांनी ढग मानलं. संडासात कोणी नसलं तरी दाराबाहेर ताटकळायचं, असा दंडक होता. सूनबाई परदेशी विमानतळावरची अधिकारी झाली. "इथून परत कधी जाणार?" असं तिने सासऱ्यांना विचारलं, ते इतक्या पोटतिडकीने, की साहेबांनी तिला 'उत्कृष्ट' असा शेरा दिला.

मग सामान हरवण्याचा सराव झाला. साहेबांनी बाईंची बॅग अशी लपवली की पुढे ती त्यांनाही सापडेना. (अनुभव अस्सल असावा, ही अट त्यामुळे पूर्ण झाली.) परक्या भाषेत आभार मानण्याचाही सराव झाला. त्या घरात कोणी कोणाचे आभार मानण्याची ती पहिलीच वेळ.

दर सरावात काहीतरी उणीव निघे, आणि उणीव ठेवून निघणं म्हणजे हाताने निखारा धरणं. जाणं पुढे जात राहिलं. दरम्यान बाईंचा डावा गुडघा कुरकुरू लागला. साहेबांनी तत्परतेने लंगडत चालण्याचा सराव ठेवला.

एके सकाळी बाई म्हणाल्या, "अहो, निरोपाचा सराव राहिलाच की. मी निघते, तुम्ही फाटकाशी उभे राहा."

साहेबांना गहिवरून आलं. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोने आपणहून सराव सुचवला होता. सूनबाईने कुठूनतरी हुडकून बॅग आणून दिली, टॅक्सीही बोलावली. साहेबांनी रुमाल हलवला. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही, ही एक त्रुटी त्यांनी ध्यानात ठेवली. परत आल्यावर सांगू म्हणाले.

बाई जेवायला आल्या नाहीत. सरावातला हा बारकावाही साहेबांना आवडला. दुसऱ्या दिवशीही आल्या नाहीत, तेव्हा ते सूनबाईला म्हणाले, "बघ, सराव असा मुरावा लागतो." सूनबाई नुसतं "हो ना," म्हणाली.

तिसऱ्या दिवशी फोन आला.

"अहो, पोचले मी."

"कुठे?"

"छडी टेकवायचे तिथे."

पाठीमागून कसलीशी घनगंभीर गाज येत होती. साहेबांनी कान देऊन ऐकलं.

"समुद्राचा आवाज फार छान काढलास," ते म्हणाले. "अगदी खरा वाटतो. आता ये बघू लवकर, म्हणजे आपल्याला निघता येईल."

पलीकडून बाईंनी परक्या भाषेत आभार मानले. उच्चार निर्दोष होता.

साहेब अजून फाटकाशी उभे असतात. त्यांना कोणी हसू नये. निदान ज्यांच्या कपाटावर नवी कोरी बॅग आहे आणि मळेल म्हणून तिचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, त्यांनी तरी नाही. तुमच्या बॅगेचा रंग कोणता म्हणालात?