टिकून हाय

ढोके सरांविषयी लिहायचा माझा अधिकार नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि भौतिकशास्त्राचे माझे अजून दुसरे वर्ष चालू आहे. सर त्याच विषयाचे मोठे शास्त्रज्ञ. पण पिपरी मेघेत मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते आणि त्यांच्याच स्वयंपाकघरात जेवते, त्यामुळे एक गोष्ट खात्रीने सांगू शकते. चालू असलेल्या कोणत्याही गोष्टीला सर छान म्हणत नाहीत.

त्यांचा शब्द एकच. "टिकून हाय."

शेजारच्यांनी नवा जावई दाखवायला बोलावले आणि विचारले, "कसे वाटले?" सर म्हणाले, "टिकून हायेत." नंदाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, त्यांना चहा न घेताच उठवले.

काकू रोज विचारतात, "भाजी कशी झाली?"

"टिकून हाय."

"काऊन, लोणचं घातलं का मी?"

ही खोड नोकरीतली. दूरच्या एका संशोधन संस्थेत सरांनी सारी हयात एका यंत्रावर घालवली. कड्यासारखी गोल वळवलेली मोठी नळी, आतली हवा काढून टाकलेली. तिच्यात इलेक्ट्रॉनांचा किरण तासन्‌तास फिरत ठेवायचा, आणि तो भिंतीवर आदळू नये म्हणून वाटेत चुंबक लावायचे. माझे बाबा आष्टीहून आले तेव्हा सरांनी त्यांना समजावले, "खळ्यावर बैल फिरते ना भाऊ, तसंच."

बाबांनी विचार केला. "मंग दाणे काय निघते?"

"उजेड," सर म्हणाले.

वळताना किरण जो प्रकाश टाकतो, त्याच्यासाठीच तो सारा खटाटोप. ढोके साहेब उजेडाची मळणी करत होते, असे बाबा अजून गावात सांगतात.

तर त्या यंत्राच्या खोलीत एक रिवाज होता. किरण फिरत असताना कोणी छान म्हणायचे नाही. म्हटले की तो पडतो, म्हणजे मध्येच विझतो, असे एवढे शिकलेले लोक मानत. "विज्ञानात असं काही नसते," सर मला म्हणाले. "पण बोलायचं नाई."

मागच्या वर्षी काकूंचे हृदयाचे ऑपरेशन झाले. डॉक्टर खाटेपाशी येऊन म्हणाले, "छान सुधारणा आहे." सर त्यांना दाराबाहेर घेऊन गेले आणि हात जोडले. "साहेब, असं बोलू नका."

सरांना एकच गोष्ट सलत होती. त्यांच्या यंत्रातला किरण कामाच्या पूर्ण पाळीभर कधी टिकलाच नाही. नळीच्या एका सांध्यात आतली पातळ पट्टी वाकून वाटेत आली आहे, असे सरांचे म्हणणे. बाकीच्यांचे म्हणणे, दोष चुंबकांत आहे. नळी उघडली तर हवा आत शिरणार, ती पुन्हा काढण्यात महिने जाणार. एका माणसाच्या संशयावर ते कोण करणार? सर तसेच निवृत्त झाले. तेव्हापासून फोन वाजला की त्यांचा घास हातातच थांबतो.

गेल्या रविवारी आम्ही जेवत असताना फोन वाजला. सरांना ऐकू कमी येते, म्हणून काकूंनी फोनचा आवाज मोठा केला. त्यांच्या जुन्या सहकारी अनघाताई बोलत होत्या.

"सर, शेवटी सांधा उघडला. पट्टी वाकलेलीच होती."

"अन् किरण?"

"पूर्ण पाळी फिरला. पडला नाही सर, आम्हीच बंद केला."

बंद केला, म्हणजे आता बोलायला हरकत नव्हती. सर उठून उभे राहिले.

"छान," ते म्हणाले. मग गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "लय छान!"

त्यानंतर त्यांना कोणी आवरू शकले नाही. उष्ट्या हाताने फाटकापाशी जाऊन त्यांनी शेजारच्यांना सांगितले, "तुमचा जावई छान हाय." आत येऊन मला म्हणाले, "तुहा निकालही छान होता. सांगायचं राहून गेलतं."

मग ते काकूंपाशी आले.

"नंदा, तुह्या हातची भाजी... पहिल्यापासून छान हाय."

काकूंनी वर पाहिले नाही. त्यांनी सरांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

"हळू बोला," त्या म्हणाल्या.